प्रमाणित मान

बसने करकचून ब्रेक मारला तर आतल्या माणसाचे काय होते, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेने संगणकात एक प्रमाणित माणूस पाळला होता. पुरुष, मध्यम बांधा, पाठ ताठ. धक्का कधी बसणार, हे त्याला आधीच कळवलेले असे. नव्या बसचे आसन त्याने विनातक्रार पास केले.

त्याची देखभाल करणाऱ्या इंजिनिअर मुलीला मात्र चैन पडेना. ही बस तिच्या आईच्या मार्गावर धावणार होती. आई शिवणकाम करणारी, बुटकी, मान मशीनवर वाकून झिजलेली. लेकीने आईची मापे गुपचूप संगणकात भरली.

धक्का पहिला.

डोके समोरच्या दांड्यावर. मान मोडली.

“सर, आसन बदलायला हवं.”

“आसन मंजूर आहे,” प्रमुख म्हणाले. “आई मंजूर आहेत का?”

समितीने साकल्याने विचार करून दोष आईत असल्याचे नोंदवले व संगणकातली मान दुप्पट मजबूत करण्याची शिफारस केली.

धक्का दुसरा.

मान शाबूत, बरगड्या गेल्या. बरगड्या सुधारल्या. मग गुडघे. शेवटी संगणकातल्या आईवर अख्खी बस घातली, तर बसला पोचा आला. समितीने समाधान व्यक्त केले, आणि मूळ आई नमुन्याशी जुळत नसल्याने तिच्याकडे लेखी खुलासा मागितला.

“काय लिहू गं?” आईने विचारले.

“काही लिहू नकोस. मी भांडते.”

“भांड, पण जेवून जा.”

लेक भांडली. बढतीवर पाणी सोडले, तेव्हा कुठे प्रत्येक बसमध्ये वयस्करांसाठी एक आसन मंजूर झाले. समोर दांडा नाही, पट्टा बुटक्या अंगाला बेतलेला. त्यावर तिने खऱ्या मापांची आई बसवून पाहिली. मान वाचली. कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

धक्का तिसरा संगणकाबाहेर बसला. भर चौकात ब्रेक, आई थेट पुढच्या काचेवर.

“अगं, ते आसन होतं ना?” इस्पितळात लेकीने विचारले.

“होतं की. छान आहे हो.” आईला मान हलवता येत नव्हती. “पण कुणीतरी बसलं होतं.”

“मग उठवायचंस!”

“कसं उठवू? गोष्ट वाचत होते बिचारे. अगदी रंगून.”

समितीचा अहवाल आला आहे. आसनाने काम चोख बजावले. त्यावर ही गोष्ट वाचत बसलेल्या आपल्याला, वाचक महोदय, खरचटलेसुद्धा नाही, हे कळवताना समितीला आनंद होत आहे.