दशरथ पेंटरचा फळा

कानावर ब्रश आणि खिशात माऊस घेऊन फिरणारा माणूस आमच्या केनवडमध्ये एकच होता. दशरथ पेंटर.

ब्रश कशासाठी, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पाटीवर, भिंतीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कुठंही चुकलेलं अक्षर दिसलं की काकांचा पाय पुढे पडत नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'हार्दीक शुभेच्छा' छापून आलं. काकांनी भर चौकात शिडी लावली, दीर्घ वेलांटी पांढऱ्या रंगानं बुजवली आणि ऱ्हस्व वेलांटी काढायला घेतली. पुढाऱ्याची माणसं धावत आली. "ओ बावा, काय करून राह्यले?"

काका शिडीवरूनच म्हणाले, "सायब मोठा झाला म्हनून वेलांटी मोठी होत नाही."

माऊसची गोष्ट जरा लांबलचक आहे, आणि तिच्यात थोडा दोष माझाही आहे.

चौकात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. समोरच्या शेडमध्ये काकांचा फळा. मी लग्न होऊन या गावात आले त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. नळ किती वाजता येणार, सोयाबीनचा भाव काय, कोणाकडे मुलगी झाली, कोणाची शेळी हरवली, सगळं काका रोज सकाळी खडूनं लिहायचे. अक्षर असं, की ज्याची शेळी हरवली तोही आधी दोन मिनिटं अक्षराकडेच पाहत राहायचा.

फ्लेक्स आले तशी पाट्यांची कामं गेली. त्याचं काकांनी फार मनावर घेतलं नाही. पण मग हात थरथरायला लागला. एके दिवशी फळा कोराच राहिला आणि काका त्याच्याखाली बसून होते, वर्गात शिक्षा झाल्यासारखे. मला राहवेना. मी बीसीए झालेली आहे, पण फॉर्म भरण्यापलीकडे त्याचा उपयोग कधी झाला नव्हता.

"काका, एकेक अक्षर एकदाच काढून द्या," मी म्हटलं. "पुढचं कॉम्प्युटर लिहील. तुमच्याच हातचं."

काकांनी विचार केला. "अन् त्याचा हात थरथरला तं?"

पहाटे आंघोळ झाल्यावर अर्धा तास त्यांचा हात स्थिर असायचा. त्या अर्ध्या तासात रोज एखाद-दुसरं अक्षर ड्रॉइंगच्या कागदावर उतरायचं. ते वाळलं की काका माझ्या दुकानात घेऊन येत, लग्नाची पत्रिका द्यावी तसं दोन्ही हातांनी देत, आणि मी स्कॅन करी. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर मिळतो, तो मागवला. गावातल्या एकानं जुना टीव्ही दिला. टीव्ही शेडमध्ये, कॉम्प्युटर त्याच्या पाठीला चिकटवलेला. काका मजकूर सांगायचे, मी दुकानात बसून टाइप करायची, आणि टीव्हीवर काकांच्या अक्षरात ओळी उमटायच्या. पहिल्या दिवशी काकांनी सवयीनं पडद्याला बोट लावून पाहिलं, रंग ओला आहे का म्हणून.

पण दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे, काकांनी सगळी अक्षरं दिली, 'ळ' दिला नाही. 'सकाळी', 'नळ', 'शाळा', सगळीकडे ळच्या जागी रिकामा चौकोन. विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडं ते अक्षर बोलते कोन? आपन सकायी म्हनतो, डाय म्हनतो, शाया म्हनतो. बोलत नाही तं लिवाचं कायले?"

एका वेलांटीसाठी शिडी लावणारा माणूस अख्खं अक्षर गाळत होता. मी कॉम्प्युटरचा तयार ळ घालून पाहिला तर ते भडकले. "परकं अक्षर माह्या फयावर नाही पायजे."

दुसरी अडचण लाइनची, म्हणजे विजेची. दिवसातून चारदा लाइन जायची. परत आली की कॉम्प्युटर आपला आपण सुरू व्हायचा, पण समोर नुसता निळा पडदा. फळ्याच्या चित्रावर कोणीतरी माऊसनं दोनदा टिचकी मारावी तेव्हा फळा लागायचा. तो 'कोणीतरी' म्हणजे काकाच. दुसऱ्या कोणाला ते हात लावू देत नव्हते. म्हणून माऊस खिशात. लाइन आली की काका हातातलं काम टाकून चौकाकडे सुटायचे. एकदा लग्नाच्या पंगतीतून उठून आले, माऊसला वरण लागलेलं.

काकू गेल्यापासून ते घरात एकटेच. लेक संगीता धनजला दिलेली. ती दर आठवड्याला फोन करून म्हणायची, बाबा, आठ दिवस तरी राहायला या. काकांचं उत्तर ठरलेलं. "फया कोन लावन?" काकू गेल्यावर एकदाही ते लेकीकडे राहिले नव्हते.

शेवटी संगीतानं मला फोन केला. "वहिनी, तो फया आपोआप लागन असं काही करता येते का?"

मी त्या कामाच्या मागे लागले. वीज येताच प्रोग्राम सुरू व्हावा अशी सूचना घातली. प्लग काढला, लावला. तोच निळा पडदा. हातानं सुरू केलं तर ठीक, आपोआप म्हटलं की काही नाही. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी डोक्यात उजेड पडला. वीज येताच माझा प्रोग्राम धावत सुटत होता, पण तोवर पडदाच तयार झालेला नसायचा. चित्र काढायला जागा नाही म्हणून तो गुपचूप बंद पडायचा.

काकांना हे सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अवं पोरी, अस्तर सुकलं नाही अन् तू वरून रंग मारून राह्यली! कसा धरन?"

मग पडदा पूर्ण उभा राहिल्यानंतरच प्रोग्राम सुरू होईल अशा ठिकाणी सूचना हलवली. वर दहा सेकंद थांबायला सांगितलं.

"पंधरा दे," काका म्हणाले. "घाई कायची?"

पंधरा दिले. प्लग काढला, लावला. निळा पडदा आला. चौकातली चार माणसं मोठ्यानं आकडे मोजू लागली. चौदापर्यंत आले आणि कोणीही हात न लावता फळा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी खिशातला माऊस काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक डबा घेऊन दुकानात आले. पत्र्याचा, स्वयंपाकघरातला. झाकणावर लाल रंगात लिहिलं होतं, 'तांदूळ'.

"हिच्या हातचं हाय," काका म्हणाले. काकूंचं नाव कमळा. "मले लिवता येत नव्हतं, पोरी. लगन झालं तवा मी अक्षराचे चित्र काढो. कोनी कागदावर लिवून दिलं की तसंच्या तसं रंगवून देओ, काय लिवलं ते मलेच मालूम नाही. हिनं शिकवलं. पहिलं हिचं नाव."

"मग तुम्ही ळ काढला का नाही?"

"तीनदा बसलो." ते डब्याकडे पाहत होते. "बाकी अक्षराले पहाटी हात ठीक राहे. ह्याले नाही राह्यला."

झाकण माझ्याकडे सरकवत त्यांनीच विचारलं, "ह्यातलं घेता येते का?"

मी झाकण स्कॅनरवर ठेवलं. काकूंचा ळ जरा जाड आणि एका अंगाला कललेला. त्या दिवशी फळ्यावर 'नळ सकाळी सात वाजता' अशी ओळ लागली, एकही चौकोन नसलेली. काका शेडमध्ये बराच वेळ उभे होते.

त्यानंतर दोन दिवसांनी दुकान उघडलं तर काका चौकात नव्हते. अकरा वाजले तरी नाहीत. मी घरी जाऊन पाहिलं, दाराला कुलूप. फोन लावला.

"धनजले हाय," काका म्हणाले. "फया लागला का?"

"लागला. दोनदा लाइन गेली, दोन्ही वेळा आपोआप."

"मंग राह्यतो आठ-पंधरा दिवस. इथं काम निंगालं."

"कसलं?"

"इनबाईले सही शिकवून राह्यलो." इनबाई म्हणजे संगीताची सासू. "जिंदगीभर अंगठाच देल्ला तिनं. आता म्हनते, मले माहं नाव लिवाचं हाय. तिचा बी हात थरथरते, माहा बी. दोघायचं अक्षर सारखंच येऊन राह्यलं."

मी हसले. तेवढ्यात मागून व्याह्याला हाक मारणारा एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. "इवाईबुवा, फोन मंग करा. पहिले इकडं पाहा, हा काना सरय आला का?"