कुंपणकाकांची अट

पायवाट विभागाचे साहेब फायलींच्या कपाटावर दोन्हीकडे पाय सोडून बसले होते आणि उजवा हात लांब करून हवेत काहीतरी पकडत होते. खाली टेप घेऊन त्यांची नवी अभियंता उभी होती.

"साहेब, ताठ बसा ना. घोड्यावर कोणी असं पोक काढून बसत नाही."

"अगं, घोडा असा डुगडुगतही नाही! लवकर मोज, कोणीतरी आत येईल."

या मुलीला सगळे कार्यालय मोजपट्टी म्हणत असे. कपाटाची उंची घोडेवाल्या ताईंच्या पांढऱ्या घोडीइतकीच आहे, हे तिने आधीच ताडून पाहिले होते. नोकरीतले पहिलेच काम होते आणि ते अंदाजपंचे करायचे नाही, असा तिचा निश्चय होता.

काम होते फाटकाचे. गावाबाहेरून नदीकडे जाणारी वाट कुंपणकाकांच्या कुरणाशी येऊन थांबायची. पुढे चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना ट्रकांच्या रस्त्याने जीव मुठीत धरून जावे लागे. एका ट्रकच्या हॉर्नने घोडी बिथरली, तेव्हा ताई थेट काटेरी झुडपात जाऊन बसल्या होत्या. कुंपणकाकांनी आयुष्यात कुंपणाइतके प्रेम कशावरच केले नव्हते. हे काकूही मान्य करत. विभागाने उंबरठे झिजवले तेव्हा कुठे ते म्हणाले, "महिनाभर बघतो. पण माझं एक जरी जनावर त्या फाटकातून बाहेर गेलं, तर वाट कायमची बंद. मग देव खाली उतरला तरी ऐकणार नाही."

गावाकडून आत यायला काकांचे जुने फाटक होतेच; मोजपट्टीने नदीकडच्या नव्या फाटकाला स्प्रिंग बसवली, म्हणजे ते दोन्हीकडे उघडेल आणि आपोआप मिटेल. खिटीला उभी लांब दांडी जोडली. दांडी ढकलली की खिटी सुटायची; घोड्यावरून उतरायला नको आणि चालणाऱ्याला वाकायला नको. दांडी लाकडाची, कारण लोखंड उन्हात चटका देते. रंगात नको नको ती रसायने असतात आणि दांडीला तर लोकांचे हात लागणार, म्हणून तिने शुद्ध जवसाचे तेल आणले आणि स्वतः घासून घासून जिरवले. उन्हापावसाची चिंता मिटली.

महिना तक्रारीविना गेला. शेवटच्या दिवशी भर दुपारी साहेब, मोजपट्टी, काका आणि काकू फाटकापाशी जमले. काकांची ही झोपेची वेळ, त्यामुळे ते आधीच तापलेले होते. ताई नदीकडून घोडीवरून ऐटीत आल्या आणि दांडीकडे हात नेणार, तोच घोडीने मान पुढे करून दांडी चाटायला सुरुवात केली.

खिटी सुटली. फाटक उघडले. घोडी अर्धी आत गेली आणि दांडी चाटत तिथेच थांबली.

"ताई, पुढे घ्या तिला," साहेब हसत म्हणाले.

"मी घेतेय हो, ती येत नाहीये!"

साहेब फाटक धरायला धावले. स्प्रिंग दणकट होती, मोजूनमापून बसवलेली. क्षणात साहेब फाटक आणि घोडीचे पोट यांच्यामध्ये वहीत ठेवलेल्या पानासारखे चपटे झाले.

"मोजपट्टी! ही स्प्रिंग किती जोराची घेतलीस?"

"वाऱ्याचा हिशेब केला होता, साहेब. तुमचा नव्हता केला."

काकू दांडीजवळ गेल्या, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, हे तर जवस! गुरांना पेंडीऐवजी दांडी दिलीस की!"

मोजपट्टीने दांडीला नाक लावले. तिने सगळ्यांचा विचार केला होता, फक्त जनावरांच्या जिभेचा नाही. एवढ्यात कुरणातून तांबडी गाय डुलत आली आणि घोडीच्या बाजूने अंग चोरून, सगळ्यांच्या देखत, बाहेर पडली.

"गेली!" काका ओरडले. त्या आवाजात दुःख कमी आणि समाधान जास्त होते. "वाट बंद! आत्ताच्या आत्ता बंद!"

साहेबांना तसेच अडकलेले सोडून बाकी सगळे गायीमागे धावले. ती मात्र धावत नव्हती. वाटेच्या कडेकडेने ती निवांत नदीवर गेली. तिथे झाडाखाली बसलेल्या निवृत्त मंडळींपैकी एकाने चष्मा वर केला. "काय बाई, आज उशीर? आणि बरोबर वऱ्हाड कसलं?"

"म्हणजे ही रोज येते?" काकांचा आवाज चिरकला.

"रोज दुपारी. आमच्यापेक्षा नेमानं."

तांबडी पाणी प्यायली, वळली आणि आल्या वाटेने परत निघाली. एव्हाना घोडी आत आली होती आणि साहेब सुटले होते. तांबडीने दांडी चाटली, आत गेली आणि तिच्यामागे फाटक खट्‌कन मिटले.

मोजपट्टी मान खाली घालून म्हणाली, "काका, चूक माझी आहे. अट मोडली. फाटक उद्या काढून नेते."

"नेच," काका म्हणाले.

"काढायचं नाही," काकू म्हणाल्या. "मी म्हणतेच आहे, महिनाभर ही धार काढताना लाथ का मारत नाही! रोजच्या फेरफटक्यानं खूश आहे बया. आणि अहो, परवा मागचं दार सताड उघडं कोणी टाकलं होतं? ही गाय बघा. गेली, आली, दार लागलं. तुम्ही एवढं शिका, मग अटी घाला."

काकांनी साहेबांकडे पाहिले. साहेब शर्टावरची घोडीची लाळ पुसण्यात गुंग होते.

वाट राहिली. मोजपट्टीने दांडीला कडुलिंबाचा काढा चोपडला. घोडीने तोंड वाकडे केले. तांबडीने मात्र दुपार झाली की फाटकाशी उभे राहून हंबरडा फोडायला सुरुवात केली. काकांची झोप उडाली. शेवटी काकूंनी तांबडीची दोरी त्यांच्याच हातात दिली.

काही आठवड्यांनी काका कार्यालयात आले. रंग उन्हाने रापलेला, पोट जरा आत गेलेले. मोजपट्टीने घाईने फाटकाची फाईल पुढे ओढली.

"तुमची ती वाट," काका टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "नदीशीच का संपते? पलीकडे टेकडी आहे, तिथवर न्यायला काय झालं?"

"टेकडीवर? कोणाला जायचंय, काका?"

काका खिडकीबाहेर पाहू लागले.

"तांबडीला," ते म्हणाले.