खिशातली चाळीस कार्डं

केकच्या डब्यांवर लावलेली कार्डं काढून खिशात घालायची, एवढंच रमाकांतभाऊंनी ठरवलं होतं. खून नाही, दरोडा नाही, चाळीस कार्डं. पण बत्तीस वर्षं कारकुनी करून रिटायर झालेला माणूस जेव्हा स्वतःच्या डोक्याने पहिला निर्णय घेतो, तेव्हा तो असाच निघतो.

कार्डावर छापलं होतं, ‘शंतनुची होम बेकरी, नांदुरा. बिनअंड्याचे केक. हे सॅम्पल फुकट, पुढचा केक ऑर्डरने.’ खाली मोबाईल नंबर. शंतनु हा रमाकांतभाऊंचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला तो ‘हे माझ्याच्यानं होत नाही’ म्हणून घरी आला, आठ महिने छताकडे बघत पडला आणि मग एक दिवस उठून ओव्हन घेऊन आला. छताकडे बघत होता तोवर रमाकांतभाऊंचं काही बिघडलं नव्हतं. कॉलनीत सांगायला सोपं होतं, ‘तयारी करून राह्यला.’ कशाची, ते कोणी विचारत नाही. (निम्म्या कॉलनीची पोरं सहा-सहा वर्षं तयारीच करताहेत.) पण ओव्हनसमोर उभा असलेला मुलगा लोकांना कसा सांगायचा, हे कोणत्याच जीआरमध्ये लिहिलेलं नव्हतं.

तरी त्यांनी मोठ्या मनाने एक महिना दिला होता. महिन्याभरात कॉलनीतून एक, फक्त एक ऑर्डर आली तर ओव्हन राहील. नाही तर तो विकायचा आणि शंतनुने अकोल्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाऊन बसायचं. महिना पुढच्या रविवारी संपत होता, आणि अजून कोणी केकचा भावसुद्धा विचारला नव्हता. म्हणून शंतनुने शेवटचा उपाय काढला. चाळीस घरं, चाळीस डब्या, प्रत्येकीत चॉकलेट केकचा एक चौकोन.

“मी वाटून येतो,” रमाकांतभाऊ म्हणाले. “तू गेला तर डिलिव्हरीवाला वाटशील. मले सारी कॉलनी ओळखते.”

शंतनुला भरून आलं. बापाने पहिल्यांदाच हात लावला होता. त्या हाताने पहिल्याच वळणावर, कडुलिंबाखाली उभं राहून चाळीसही कार्डं सोलून काढली आणि शर्टाच्या खिशात कोंबली.

पहिलं घर गुलाबरावांचं. गुलाबराव म्हणजे रिटायर हेडमास्तर आणि ज्येष्ठ नागरिक मंडळाचे तहहयात अध्यक्ष. (मंडळाचं काम दोन प्रकारचं. पार्कात बसणं आणि पार्कात बसलेल्या पोरांना उठवणं.) आता आपल्याकडे इस्त्रीचा शर्ट घालून कोणी भर सकाळी घरोघर गोड वाटत फिरलं, की त्याला कारण असतंच. पोरगं पास होतं, सोयरीक जमते, नातू होतो किंवा नोकरी लागते. उगाच कोणी कोणाचं तोंड गोड करत नाही. गुलाबरावांनी डबी हातात घेतली, चारही शक्यता तपासल्या, तीन खोडल्या.

“लागला वाटते पोरगा?”

‘माझा पोरगा केक करतो.’ चार शब्दांचं उत्तर होतं. रमाकांतभाऊंनी ते तोंडापर्यंत आणलंही. पण गुलाबरावांच्या डोळ्यांत आज जो आदर दिसत होता, तो त्यांना बत्तीस वर्षांत मिळाला नव्हता. ते खाली बघून नुसते हसले.

“कुठं लागला?”

“कळंलच,” रमाकांतभाऊ म्हणाले.

खोटं एक अक्षर बोलले नाहीत, हे त्यांनी नंतर घरात अनेकदा सांगून पाहिलं. त्याचा उपयोग झाला नाही.

तिसऱ्या घरी शंतनु महसूल खात्यात लागला होता. आठव्या घरी तो तलाठी झाला. पंधराव्या घरी त्याला संग्रामपूर मिळालं, आणि विसाव्या घरापासून बातमी रमाकांतभाऊंच्या पुढे पळायला लागली. लोक गेटवर उभे राहून वाट बघू लागले. शेवटच्या घरातले अर्जुनराव तर हातात सातबारा घेऊनच उभे होते. संग्रामपूरकडे त्यांचं चार एकर वावर, आणि वारसांची नावं चढवायची राहिलेली. येत्या शुक्रवारी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अकोल्याला जाणार होते, पण डोळ्यापेक्षा नोंद महत्त्वाची, असं त्यांनी बोलून दाखवलं. त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, डबी उघडून वास घेतला.

“पेढे काऊन नाही आणले?”

“तुले काय समजते,” अर्जुनराव म्हणाले. “साहेब लोकं आता केकच वाटतात.”

इकडे शंतनु फोन समोर ठेवून बसला होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. त्याचा फोन वाजला नाही. वाजत होता तो बापाचा, आणि प्रत्येक वेळी बाप गच्चीवर जाऊन बोलत होता. चहाच्या टपरीवर रमाकांतभाऊंना बसायला जागा मिळू लागली. एकाने त्यांना ‘साहेबांचे वडील’ म्हटलं, आणि त्या दिवशी ते घरी वेगळेच चालत आले. (बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या साहेबाला उठून उभं राहिलेल्या माणसाला घरात स्वतःचा साहेब निघाला की गुडघे बरे होतात.)

बुधवारी शंतनुने विचारलं, “बाबा, खरं सांगा. लोकं काय म्हणाले?”

“खुश झाले.”

“केक खाऊन?”

“खायच्या आधीच,” रमाकांतभाऊ म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी बोललेलं हे एकमेव संपूर्ण सत्य.

शंतनुने त्याचा अर्थ काढायचा तो काढला. आपला केक लोकांना एकदाही पुन्हा खावासा वाटला नाही. गुरुवारी त्याने ओव्हन घासून लख्ख केला आणि विकायला टाकण्यासाठी त्याचे फोटो काढायला घेतले. काचेवरचा एक डाग निघत नव्हता, तर तो आपल्या बनियनच्या टोकाने पुसत बसला. ते बघून रमाकांतभाऊ ओव्हनजवळ आले. आता सांगूनच टाकावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि नेमका फोन वाजला.

फोन गुलाबरावांचा होता. मंडळाने रविवारी मंदिराच्या सभागृहात तलाठीसाहेबांचा सत्कार ठेवला होता. नाही म्हणायचं नाही. आणि हो, तो केक कोणाकडून आणला होता? घरात सूनबाईला, डिंपलला, फार आवडला. सत्काराला तसाच दोन किलोचा सांगायचा आहे.

रमाकांतभाऊंनी क्षणभर विचार केला आणि मुलाचाच नंबर दिला. ओव्हन वाचेल, कोणाला कळणार नाही, असा त्यांचा हिशेब. (या हिशेबामुळेच त्यांना कधी प्रमोशन मिळालं नसावं.)

अर्ध्या तासाने शंतनु स्वयंपाकघरातून धावत बाहेर आला. ऑर्डर आली होती. पहिली. त्याने फोन नाचवत मेसेज वाचायला घेतला, “दोन किलो चॉकलेट. वर नाव टाकायचं, ‘तलाठीपदी निवड झाल्याबद्दल रमाकांतभाऊंचे चिरंजीव शंतनु यांचे…’”

तो तिथेच थांबला.

त्याच वेळी त्याची आई, स्नेहलता, वॉशिंग मशीनकडून आली. तिच्या मुठीत लगद्याचा एक करडा गोळा होता. त्यावर एकच शब्द वाचता येत होता, ‘फुकट’.

“अहो, हे तुमच्या शर्टाच्या खिशातून निघालं,” ती म्हणाली.

कोणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर रमाकांतभाऊंना बरं वाटलं असतं. बापाने तोंड वर करून ओरडावं आणि विषय संपवावा, अशी आपल्या घरांची सोयीस्कर पद्धत आहे. पण शंतनुने हळूच विचारलं, “मी केक करतो, हे सांगायची एवढी लाज वाटली?”

रमाकांतभाऊ पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.

“ऑर्डर आहे, तर केक देणार,” शंतनु म्हणाला. “पण वरचा मजकूर माझा.”

रविवारी सभागृहात सगळी कॉलनी जमली. अर्जुनराव आणि मंजुळाबाई तेवढे अकोल्याला दवाखान्यात होते. मे महिना, वर पत्रे. टेबलावर शाल, श्रीफळ आणि झाकलेला केक. गुलाबराव पाऊण तास बोलले. आजची पिढी वाया गेली आहे, पण वडीलधाऱ्यांचं मार्गदर्शन मिळालं की शंतनुसारखा एखादा घडतो, असा एकूण मुद्दा. शंतनु हात बांधून ऐकत होता. मग झाकण काढलं गेलं. गुलाबराव चष्मा घरी विसरले होते.

“वडिलांनीच वाचावं,” ते म्हणाले.

रमाकांतभाऊ वाकले. पांढऱ्या क्रीमने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘मी तलाठी झालो नाही. फुकटचा खाल्ला, आता ऑर्डर द्या.’

पहिल्यांदा त्यांनी जे वाचलं, ते फक्त केकला ऐकू गेलं. मागून कोणी तरी मोठ्याने म्हणायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. मग घाम पुसला, मुलाकडे पाहिलं आणि केकवर नसलेले चार शब्द स्वतःहून बोलले, “माझा पोरगा केक करतो.”

गुलाबरावांना एकच गोष्ट समजत नव्हती.

“मग ते गोड कशाचं होतं?”

“कशाचंच नव्हतं,” शंतनु म्हणाला. “सॅम्पल होतं.”

कारण नसताना गोड खाल्ल्याचं एकोणचाळीस घरांच्या तोंडावर एकदम दिसायला लागलं. शेवटी गुलाबराव म्हणाले की शाल दुकानदार वापस घेत नाही, कोणाले तरी घालाच लागते. शंतनुने ती बाबांना घालायला सांगितली. एक शब्द न बोलता पोराला तलाठी करणं सोपं नाही, असं कारण त्याने दिलं. टाळ्या पडल्या. चव्वेचाळीस डिग्रीत रमाकांतभाऊ लोकरीची शाल पांघरून केक संपेपर्यंत बसले. डिंपलने तिथेच पुढची ऑर्डर दिली, आणि जाता जाता आणखी अकरा आल्या.

सोमवारी स्नेहलताने नवी कार्डं नवऱ्याच्या हातात ठेवली. चाळीस घरं, हातात कार्ड, केक नाही. रमाकांतभाऊंची दाढी करायची राहिली होती, रात्रभर झोप नाही म्हणून डोळे सुजलेले, अंगात पांढरा चुरगळलेला शर्ट. एकोणचाळीस घरांत लोक हसले, तेही रमाकांतभाऊंनी सोसलं.

चाळिसावं घर अर्जुनरावांचं. ते सकाळीच अकोल्याहून परतले होते आणि काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. रमाकांतभाऊंनी त्यांच्या हातात कार्ड ठेवलं. अर्जुनरावांना माणूस अंधुक दिसत होता, पण वाचता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी बोटांनी कार्ड चाचपलं, डबीसाठी दुसरा हात पुढे केला. डबी नव्हती. आता दाढी वाढलेला माणूस गोड न आणता दारात नुसतं कार्ड देतो, ते आपल्याकडे मयताच्या तेरवीचंच असतं. अर्जुनरावांचा आवाज खाली आला.

“मी तीन दिवस अकोल्याले होतो. मले कोणी सांगितलंच नाही.”

रमाकांतभाऊंना वाटलं, सत्काराबद्दल बोलताहेत.

“बरं झालं नव्हते,” ते म्हणाले. “तुमच्याच्यानं पाहवलं नसतं. आपल्या शंतनुचं…” पुढे शब्दाऐवजी हुंदका आला. मान खाली गेली.

अर्जुनरावांनी त्यांचा हात घट्ट धरला. “बोलू नका, भाऊ. नोकरीले आठ दिवसही नाही झाले पोराच्या.”

अख्ख्या कॉलनीत आपलं दुःख एका माणसाला तरी कळलं, म्हणून रमाकांतभाऊ मनसोक्त रडले आणि हलके होऊन पार्कात जाऊन बसले.

ज्या घरात असं काही होतं, तिथे चूल पेटत नाही. शेजारचे डबा नेतात. मंजुळाबाईंनी तासाभरात पिठलं-भाकर केली आणि तोंडाला पदर लावून शंतनुच्या दारात आल्या. आतून व्हॅनिलाचा वास येत होता. त्यांनी कडी वाजवली. बारा ऑर्डरींच्या घाईत शंतनुच्या अंगावर नुकतंच मैद्याचं पोतं फुटलं होतं. तो केसांपासून पायांपर्यंत पांढराशुभ्र, तसाच दार उघडायला आला.

मंजुळाबाईंच्या किंकाळीने पॅसेंजर थांबली, असं कॉलनीत सांगतात. ते खोटं आहे. पॅसेंजर नांदुऱ्याला थांबतेच.

रमाकांतभाऊ दुपारी घरी आले. स्नेहलता क्रीम फेटत होती, शंतनु स्पंज कापत होता, दोघांपैकी कोणी मान वर केली नाही. टेबलावर फक्त मंजुळाबाईंचा डबा होता. रमाकांतभाऊंनी गुपचूप भाकर मोडली. मंजुळाबाईंचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. रमाकांतभाऊंसाठी त्या दिवशी घरात चूल खरोखरच पेटली नव्हती.