धाग्याचा वास

ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही लोंबत्या सुतासारखं आहे. चौथीपर्यंतच शिकले, माफ करा. पण मलकापूरचे आमचे आप्पा रंगारी गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणण्याआधी त्याच्या कपड्याचा धागा ओढून जाळतात, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

जाळतात आणि हुंगतात. कागदाचा वास आला तर सूत. केसाचा आला तर रेशीम. वितळून काळी गोळी झाली तर पॉलिस्टर, आणि मग त्या माणसाचं काही खरं नाही. एका पुढाऱ्याच्या खादीचा धागा त्यांनी भर लग्नात जाळला. “निम्मं प्लॅस्टिक हाय,” म्हणाले आणि जेवायला बसले.

मी आठ वर्षं त्यांच्याकडे कपडे पिळते. सुताच्या हंड्यात मीठ टाकलं की रंग पाण्यातून कापडाकडे सरकतो, धुण्याचा सोडा टाकला की कायमचा बसतो. रेशमाला व्हिनेगर लागतं. “पॉलिस्टर लय गर्विष्ठ. बंद भांड्यात दाबून उकळल्याबिगर रंगाला दार उघडत न्हाई.” तसं भांडं आमच्याकडे नाही, म्हणून पॉलिस्टर ते परत पाठवतात. कुणी वाद घातला की स्वतःच्या नाकावर बोट ठेवतात. “ह्ये खोटं बोलत न्हाई.”

गेल्या साली माझे यजमान माझा लग्नातला शालू घेऊन तिथं आले. फौजेतल्या पहिल्या पगारातून बनारसला घेतलेला. तीस वर्षं ते पाहुण्यांना त्याचं अस्सल रेशीम दाखवत आले. आता रंग विटला होता, आणि मुलीला लग्नात तोच नेसवायचा होता. रेशमाचा दर सहाशे. त्यांनी आगाऊ दिले आणि छाती काढून उभे राहिले.

आप्पांनी धागा पेटवला. तो आक्रसला, काळी गोळी होऊन फरशीवर पडला. आप्पा बराच वेळ हुंगत राहिले.

“अस्सल हाय, सुभेदार. केसाचा वास.”

मी गोळीवर पाय ठेवला. चटका बसला.

शालू आठ दिवस दिसला नाही. आला तो गर्द डाळिंबी, कुठे डाग नाही. आमच्या हंड्यात त्याच्यावर असा रंग चढणं शक्यच नव्हतं. आप्पांच्या खिशातून इचलकरंजीचं एसटीचं तिकीट डोकावत होतं. तिथल्या कारखान्यात तसलं भांडं आहे.

यजमान शालू घेऊन पुढे गेले, तसं आप्पांनी मला मागं बोलावलं आणि हातावर नोटा ठेवल्या.

“ह्यो रंग माझ्या हातचा न्हाई. सुभेदारांना काय बोलू नगंस.”

मी हंड्यामागं जाऊन मोजल्या. पुरे सहाशे होते.