मेहिटेबल पणजीचा पहिला नवरा

विनिफ्रेड हॅस्किन्सबाई पणजीचा शोध घेऊ लागल्यापासून व्हरमाँटमधल्या त्यांच्या गावातले लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले होते. गाठ पडली की पणजी सुरू व्हायची. मेहिटेबलचा पहिला नवरा एसा टटल अमेरिकेच्या यादवी युद्धात कामी आला. त्या तरुण विधवेनं डोळे पुसले, एकटीनं शेत राखलं, मग दुसरं लग्न करून सहा मुलं वाढवली. बाईंचं सगळं गणगोत त्या सहांचं.

आता पणजीच्या थडग्यावर नवा दगड बसणार होता. बाईंचा नवरा लॉईड भीत भीत म्हणाला, नदीपलीकडे टटल मंडळी राहतात, त्यांना एकदा विचारून घ्यावं. मेलेल्या माणसाची चौकशी कशाला करायची, असं म्हणून बाईंनी तो विषय संपवला आणि समारंभाची बातमी वर्तमानपत्रात दिली.

चाळीसेक नातेवाईक घडीच्या खुर्च्या आणि ब्लूबेरीचे केक घेऊन दफनभूमीत जमले. शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या आवाजात बाईंचं भाषण सुरू झालं. एसानं रणांगणावर देह ठेवला, इथवर ते आलं आणि मागून एक हात वर झाला. ऑरिन टटल नावाचे धिप्पाड म्हातारे बातमी वाचून आले होते.

"बाई, तो माझा पणजोबा. रणांगणावर नाही, आमच्या पडवीत गेला. अठराशे एक्क्याऐंशी साली. मक्याची कणसं जरा जास्त झाली होती."

तो एसा दुसरा असेल, असं बाईंनी ठणकावलं. पण ऑरिननी शांतपणे सगळं सांगितलं. एसा लढाईहून घरी आला तेव्हा बायको मेहिटेबल शेत विकून नदी ओलांडून गेली होती. त्यानंही मग दुसरा संसार थाटला.

"अगं विनी," चुलतबहीण डॉर्कस म्हणाली, "म्हणजे पणजीनं नवरा जिवंत असताना दुसरा केला? मग आपण सगळे कोण?"

चाळीस माणसं एकमेकांकडे बघू लागली. लॉईड बुटांकडे बघत होता. पण गणित अर्धवट टाकायची बाईंना सवय नव्हती.

"टटलसाहेब, त्या दोघांचा घटस्फोट झाला होता का?"

"छे! आमच्या घराण्यात घटस्फोट नाही," ऑरिन अभिमानानं म्हणाले.

"मग एसानं तुमच्या पणजीशी लग्न कसं केलं?"

सत्तर वर्षांत हा प्रश्न ऑरिनना पडला नव्हता. त्यांनी हळूच टोपी काढली. "हे आता घरी कसं सांगू?"

"सांगू नका," बाई म्हणाल्या. "खुर्ची घ्या. जवळ बसा."

आणि त्यांनी दगडावरचं कापड ओढलं. कोरलं होतं, 'मेहिटेबल. एकनिष्ठ पत्नी.'

ऑरिननी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"कुणाची?"

"तेवढी जागा उरली नव्हती," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात केकची बशी दिली.