दाजीबा पाटलांची दुसरी मोटार

दाजीबा पाटलांची मोटार गोंदियाला निघाली की तिच्यामागून एक रिकामी रेंगी निघायची. रेंगी म्हणजे आमच्याकडची माणसं बसायची हलकी बैलगाडी. तिच्यात गाडीवानाखेरीज कोणी नसे. मोटार भुर्रकन पुढं जाई आणि एखाद्या मोहाच्या झाडाखाली थांबे. पाटील खाली उतरून, कपाळावर हात धरून मागची सडक न्याहाळत. धुळीतून बैलांची शिंगं दिसली की म्हणत, "आली, आली. चाल गा सुखरू." सुखरू हा त्यांचा ड्रायव्हर. तो मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत हँडल मारायला उतरे. असं करत करत आम्ही गोंदियाला पोचायचो ते बैलांच्या सोबतच.

"मोटार बिघडली तं रेंगी हाय ना मागं," पाटील समजावून सांगत. मोटार क्वचितच बिघडे, हा भाग वेगळा.

मी गावच्या शाळेतला मास्तर. सुटीच्या दिवशी पाटील मला सोबतीला नेत. मला या प्रवासाची मुळीच तक्रार नव्हती, कारण मी जन्माचा आळशी. मोटार थांबली की मी झाडाखाली पाय पसरून पडत असे. धानाच्या बांध्यांवरून वारा येई, कुठल्याशा तलावावर बदकं उतरत, सुखरूच्या बिडीचा धूर नाकाशी रेंगाळे. अर्धवट झोपेत वाटायचं, आपण घरूनही निघालो नाही आणि गोंदियालाही पोचायचं नाही. मधेच कुठेतरी आहोत आणि फार बरं आहे.

पाटील जातीचे कोहळी, म्हणजे पिढीजात तलाव बांधणारे. सडक-अर्जुनीच्या बाजूला त्यांच्या वाडवडिलांनी बांधलेले तलाव अजून दरसाल भरतात. मोठ्या तलावाच्या जोडीला ही माणसं एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, खोदून ठेवत. तलावाची पाळ फुटलीच तर निदान बोडीच्या पाण्यावर रोवणा, म्हणजे धानाची लावणी, निभावते. पाटलांनी हा नियम साऱ्या संसाराला लावला होता. "तलावासंगं बोडी पायजे, गुरुजी," हे त्यांचं पालुपद. छत्र्या दोन, कंदील दोन, चष्मे दोन. एकदा सत्यनारायणाला त्यांनी भटजीही दोन बोलावले. दुसऱ्याला सांगितलं, "तुमी निवांत बसा. ह्यायचा आवाज गेला तं पुढची पोथी तुमची." पहिल्या भटजींनी त्या दिवशी इतक्या खणखणीत आवाजात पोथी वाचली की तलावापलीकडच्या टोल्यावरच्या घरांत ऐकू गेली.

बायको मात्र एकच. मुलगी यमुना लहान असतानाच ती तापानं गेली. लोक थट्टेनं आणि मनापासूनही म्हणायचे, "पाटील, सारं दोन-दोन ठेवता, मंग घरधनीन काऊन एकच?" पाटील म्हणायचे, "तमाकू आना गा कोनी," आणि पानपुड्याच्या कापडाची घडी घालत बसायचे.

ही यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. तिचं सासर लांजीकडे. आमगावावरून पुढं जाऊन बाघ नदी उतरायची, मग जंगल. जावई तिकडे लाकडाच्या ठेक्यावर मुनीम होता. बारसं झाल्यावर त्यानं विचारलं, कधी पाठवता? पाटील म्हणाले, "एका मोटारीच्या भरवशावर लेकराले जंगलातून नाही पाठवत. बिघडली तं? मागून रेंगी येयेपर्यंत वाघ येईन." म्हणून दुसरी मोटार घ्यायची, ती पहिलीच्या मागं चालवायची, आणि मगच यमुनाला पाठवायचं, असा त्यांनी शब्द दिला. जावई समंजस माणूस. तो थांबला.

आणि आमचा मोटारी पाहण्याचा धंदा सुरू झाला.

पाटलांची अट सोपी होती. गाडी जुनी, स्वस्त आणि भरवशाची हवी. "पयली मोटार ऐटीची असली तं चालते. दुसरी गरीब पायजे, गाईसारखी. रानात बिघडली तं गावच्या लोहाराले बी दुरुस्त करता आली पायजे." आता यात चूक काढायला जागा नव्हती. गोंदियाचा बन्सीलाल दलाल म्हणाला, "पाटीलजी, ऐसी तो मेरे पास चार खडी हैं. आठ दिन में दिलाता हूँ." बिचाऱ्याला माणूस कळला नव्हता.

मोटार पाहायची पाटलांची रीत त्यांच्या घराण्याची होती. तलावाची पाळ पाहतात तशी ते मोटार पाहत. पाळ पाझरते का, हा पहिला सवाल. ते मोटारीखाली धानाचा कोरडा कोंडा पसरत आणि शेजारी बाज टाकून बसत. दुपार कलली की वाकून कोंडा हातात घेत, चोळत, हुंगत. एका गिरणीवाल्याची हिरवी मोटार होती, तिच्याखाली तेलाचा ठिपका निघाला. "पाझरते," पाटील म्हणाले.

"अरे पाटीलजी, दो बूंद तो हर मोटर टपकाती है!"

"पाळ बी दोन थेंबापासूनच फुटते, बन्सीलाल."

मग एका वकिलाची काळी मोटार पाहिली. कोंडा कोरडा राहिला, पण तिचा भोंगा पाटलांना पटला नाही. "लेकरू झोपलं असंन तं दचकंन." तिसरीचं दार धक्क्यानं आपोआप उघडे. त्या वेळी मलाही वाटलं, बरोबर आहे, पोर पडायचं.

कोंड्यातून जी पार पडे तिची दुसरी परीक्षा असे, आणि ती मला फार आवडे. पाटील उभ्या मोटारीत मागच्या गादीवर बसत, मला शेजारी बसवत आणि डोळे मिटून घ्यायला सांगत. मग ते हळू आवाजात रस्ता सांगू लागत. "आता कोहमारा गेला, गुरुजी. हे डाव्या हाताले साग. हवा थंडी लागून रायली, लेकराले पांघरून घाला... आता आमगाव. इथं दूध घेऊ... आता बाघ आली. पानी खाली हाय, वाळू दिसून रायली..." मोटार जागची हलत नसे, पण मला खरोखर पाण्याचा वास येई. सागाची पानं चाकाखाली वाजत. त्यांच्या आवाजात मी कितीदा तरी त्या नदीपर्यंत गेलो. पलीकडे मात्र कधीच गेलो नाही. नदी आली की पाटील डोळे उघडत. "नाही जमत. उतरा." बन्सीलाल बाहेर ताटकळत उभा असे, त्याला काय सांगायचं हा प्रश्न माझा.

इकडे बाळ कुशीवर वळू लागलं. बसू लागलं. आम्ही मोटारी पाहून परत आलो की ते रांगत अंगणात येई, आणि पाटील टोपी काढून त्याच्यासमोर मांडी घालून बसत. तेव्हा त्यांचा चेहरा असा होई की मोटार नाकारल्याचा मलाच आनंद वाटायचा.

मग एकदा जावई भेटायला आला. पोरगं त्याच्याकडे जाईना. त्यानं हात पुढे केले तर किंचाळून आजोबांच्या धोतराला बिलगलं. जावई हसला, म्हणाला, ओळख नाही ना अजून. पण पानावर बसला तो भात चिवडत राहिला. यमुना वाढत होती. तिनं ते पाहिलं, आणि वाढायचं सोडून ती आत निघून गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बन्सीलालनं शेवटचा डाव टाकला. जंगलखात्याचा एक साहेब बदलून चालला होता, त्याची मोटार त्यानं थेट पाटलांच्या अंगणात आणून उभी केली. दिसायला ओबडधोबड, पण लोहारानं खालीवर पाहून मान डोलावली. भोंगा मऊ होता. दारं घट्ट बसत. पाटलांनी कोंडा पसरला. जेवणं झाली, बन्सीलाल पडवीत घोरू लागला, मी ओट्यावर आडवा झालो.

चैतातली दुपार होती. सारं गाव निजलं होतं. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मी पाहिलं तर पाटील तांब्या घेऊन अंगणात आले. मोटारीशी वाकले आणि तुळशीला घालावं तसं हळूहळू, धार धरून, त्यांनी कोंड्यावर पाणी ओतलं. मग तांब्या ठेवून आत गेले आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं, मी स्वप्न पाहतोय. कूस बदलावी म्हणून हललो, तोच यमुना बाहेर आली.

पोर तिच्या कडेवर होतं. तिनं ओला कोंडा पाहिला. खाली वाकून मोटारीच्या पोटाला हात लावला. हात कोरडाच निघाला. बोटं पदराला पुसली. मग तिनं सूप आणलं, ओला कोंडा भरून परसात टाकला, जमीन फडक्यानं टिपली आणि नवा कोरडा कोंडा पसरला. उठताना तिची माझी नजरानजर झाली. मला झोपेचं सोंग घेता आलं नाही.

"गुरुजी, बाबाले सांगू नोका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मले का समजत नाही जी? मी गेली तं हे घर त्याले खायाले उठंन. पन लेकराले त्याचा बाप वळखू येत नाही. मी का करू?"

मास्तरकी अशा वेळी काही कामाची नसते.

उन्हं कलल्यावर पाटील उठून आले. बन्सीलाल आधीच मोटारीखाली वाकला होता. "एक बूंद नहीं, पाटीलजी! आपकी कसम, एक बूंद नहीं!" पाटील वाकले. कोंडा मुठीत घेतला, चोळला. तो बोटांतून भुरभुर गळून गेला. त्यांनी मान वर केली तर यमुना दारात उभी होती. तिनं मान खाली घातली नाही. पाटीलही तिच्याकडे पाहत राहिले. बन्सीलाल एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाही. त्याला वाटलं, भाव पाडायची काही नवी तऱ्हा असावी.

"बरी हाय गाडी," शेवटी पाटील म्हणाले. "ठेवून जा."

या वेळी त्यांनी मला आत बसवून डोळे मिटायला सांगितलं नाही.

जावई न्यायला आला. पुढं सुखरू जुनी मोटार घेऊन, मागं बन्सीलालचा माणूस नवी घेऊन, अशी ती वरात सकाळीच निघाली. पाटलांनी नातवाला एकदा घट्ट धरलं आणि जावयाच्या हातात दिलं. धूळ बसेपर्यंत ते सडकेवर उभे होते. मग तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. शाळा सुटल्यावर पाहिलं, तिथंच होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही मोटारी परत आल्या. मी पाटलांकडेच होतो. सुखरू छाती काढून म्हणाला, "कोठंच अटकली नाही जी. दोनी बी एका दमात गेल्या अन एका दमात आल्या."

"कोठंच नाही?"

"नाही जी. पोचवलं बराबर."

पाटलांनी मान हलवली. सुखरू गेल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "येक तं बिघडाले पायजे होती, गुरुजी. नदीच्या अलीकडं." आणि मग हसले, पण डोळ्यांतून पाणी आलंच. त्यांनी ते पुसलंही नाही.

"जेवाले रायता का?" त्यांनी विचारलं. मी राहिलो.

पानं मांडली होती. बोलता बोलता पाटलांनी एक लहान वाटी ओढून घेतली, गरम भात घातला, वर दूध ओतलं आणि बोटांनी कुस्करत बसले, अगदी मऊ होईपर्यंत. फुंकर घातली. मग त्यांचा हात थांबला. ते वाटीकडे पाहत राहिले, वाटी कुठं ठेवायची ते त्यांना कळेना. मी माझं पान जरा पुढं सरकवलं. त्यांनी वाटी माझ्यापुढं ठेवली.

मी पस्तिशी ओलांडलेला माणूस, दूधभात मला लहानपणापासून आवडत नाही. त्या दिवशी मी तो सगळा खाल्ला.