लालसूचा डावा हात

बल्लारपूरच्या पुढे एका कोळसा ठेकेदाराकडे चाळीस डंपरचालक आहेत. दर सहा महिन्यांनी त्यांची शारीरिक तपासणी होते आणि बीपी जास्त निघाला की माणसाला घरी बसवतात. गोळी घेऊन आटोक्यात ठेवलेला बीपी नियमाला चालतो. पण ते परिपत्रकाच्या मागच्या पानावर आहे आणि पान उलटायची आपल्याकडे पद्धत नाही.

गुणवंतराव त्यांतले सर्वांत जुने चालक. त्यांचा बीपी एकशे नव्वदच्या खाली यायला तयार नव्हता. नोकरी जाईल या धास्तीने त्यांनी गेटवरच्या चौकीदाराला, लालसूला, पडद्याआड आपल्या जागी बसवलं. लालसूच्या डाव्या हातावर बीपी एकशे अठरा भरला. फॉर्मवर चेहऱ्याचा रकाना नसल्याने डॉक्टरांनी चेहरा पाहिला नाही. गुणवंतराव फिट ठरले.

पुढच्या खेपेला चाळीसही जणांनी लालसूचा हात वापरला. सगळे एकशे अठरा. ठेकेदाराला उत्तम आरोग्याबद्दल बक्षिसाची ढाल मिळाली. बीपीचा एकही रुग्ण उरला नाही म्हणून दवाखान्यातल्या गोळ्या परत पाठवण्यात आल्या.

चाळीस घरांचा भार दंडावर आल्यावर लालसूची झोप उडाली. त्याचा बीपी एकशे साठ झाला आणि पुढच्या तपासणीच्या सकाळी चाळीसही चालक एकदम अनफिट ठरले. डंपर उभे राहिले. तातडीच्या बैठकीत ठराव झाला की लालसूला रोज गोळी द्यावी, त्याचं मीठ कमी करावं आणि त्याच्याशी कोणी चढ्या आवाजात बोलू नये. महिन्याभरात एका माणसाच्या गोळीने चाळीस जणांचा बीपी आटोक्यात आला. डंपर सुरू झाले.

गुणवंतरावांची बायको कमळाबाई त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. म्हणाली, "यायचं डोस्कं रोज दुखून राह्यलं, डोळ्यापुढं अंधारी येते. लालसूले देता तशी एक गोळी यायले बी द्या ना."

डॉक्टरांनी रजिस्टर पुढे केलं. "बाई, यांचा बीपी नॉर्मल आहे. नॉर्मल माणसाला गोळी देणं धोक्याचं असतं."

गुणवंतरावांना ते पटलं. मला त्यांचा राग येतो तो इथे. आपणच रचलेला आकडा सहीशिक्क्यानिशी पाहून ते निर्धास्त झाले आणि घरी येऊन त्यांनी वरणात वरून मीठ घेतलं.

आठव्या दिवशी त्यांचा डंपर मातीच्या ढिगात घुसला. शहरातल्या दवाखान्यात बीपी दोनशे वीस भरला. मेंदूतली नस फुटली होती. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चौकशी समितीने रजिस्टर तपासलं आणि शहरातलं यंत्र सदोष ठरवलं.

पुढच्या सहामाहीत गुणवंतराव पुन्हा एकशे अठरा भरले. लगेच नोटीस निघाली: प्रकृती उत्तम असूनही विनापरवानगी गैरहजर. ती घेऊन लालसूच आला. पोचपावतीवर गुणवंतरावांची सही हवी होती. कमळाबाईने खाटेवरच्या लुळ्या हाताकडे पाहिलं.

"हात तुयाच मोजते न, तं सही बी तूच कर," ती म्हणाली.

लालसूने सही केली.

तुम्ही हसलात. हरकत नाही. गुणवंतरावांनी निदान दुसऱ्याचा तरी हात मोजून घेतला होता. 'मला काही होत नाही' असं तुम्ही गेली पाच वर्षं सांगताय, ते कोणाचा हात मोजून?